फिमाय: मून नदीकाठचे गाव पाहायला जाण्यापूर्वी (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

थायलंडच्या ईशान्येला, ज्या भागाला तिथे 'इसान' म्हणतात, तिथल्या फिमाय या लहानशा गावाबद्दल ओळखीपाळखीचे लोक मला सतत काही ना काही विचारतात. बहुतेकांचे थायलंड बँकॉक, पट्टाया आणि फुकेतमध्ये संपते. मला मात्र हे गाव मनापासून आवडते आणि आपल्याकडच्या माणसांनी ते नीट, सवडीने पाहावे असे वाटते. म्हणून नेहमीचे प्रश्न आणि त्यांची उत्तरे इथे एकत्र लिहितो आहे.

फिमाय नेमके आहे कुठे?

नखोन रात्चासिमा प्रांतात. हे नाव जड वाटले तर त्याची फोड करून पाहा: नगर, राजसीमा. लोक रोजच्या बोलण्यात या शहराला 'कोरात' एवढेच म्हणतात. बँकॉकहून कोरात साधारण 260 किलोमीटर आणि कोरातहून ईशान्येला फिमाय साधारण 60 किलोमीटर. मून नदी गावाला उत्तरेकडून आणि पूर्वेकडून कवेत घेते आणि पुढे पूर्वेला वाहत जाऊन मेकाँगला मिळते. चारी बाजूंना सपाट भातशेती.

उच्चाराबद्दल एक सांगतो. 'फिमाय'मधला फ आपण 'फळ' म्हणताना काढतो तसा, ओठ मिटून काढायचा. इंग्रजी 'फॅन'मधला फ वापरलात तर रिक्षावाल्याला कळायला वेळ लागतो.

तिथे पाहण्यासारखे काय आहे?

प्रासात हिन फिमाय. 'प्रासात' म्हणजे आपला प्रासाद आणि 'हिन' म्हणजे दगड. आजच्या थायलंडमधल्या ख्मेर काळातल्या (कंबोडियातल्या अंगकोरचे ख्मेर राजे इथवर राज्य करत होते त्या काळातल्या) दगडी देवळांमध्ये हे सर्वांत मोठ्या देवळांपैकी एक. अकराव्या शतकाच्या शेवटी आणि बाराव्याच्या सुरुवातीला ते उभे राहिले, म्हणजे कंबोडियातल्या अंगकोर वाटच्या थोडे आधीच. त्याचे कमळाच्या कळीसारखे निमुळते होत गेलेले शिखर 28 मीटर उंच आहे. अंगकोर वाटच्या शिखरांची घडण इथूनच पुढे गेली असे अभ्यासक मानतात. अंगकोरला जाऊन आलेल्यांना फिमाय पाहताना ओळखीचे वाटते ते त्यामुळेच.

मुख्य देऊळ पांढुरक्या वालुकाश्माचे आहे. उजेड बदलला की त्याचा रंगही बदलतो, म्हणून सकाळी एकदा आणि ऊन उतरल्यावर पुन्हा एकदा असे दोन वेळा जावे. शेजारी दोन लहान प्रासाद आहेत, एक लाल वालुकाश्माचा आणि दुसरा जांभ्या दगडाचा. हो, कोकणात घरे बांधतात तोच जांभा. ख्मेर लोकांनी तटभिंती, पाये आणि रस्त्याकडेच्या धर्मशाळांसाठी जांभा भरपूर वापरला. कोकणातल्या माणसाला तो लांबूनही ओळखू येतो.

देऊळ हिंदू की बौद्ध?

सगळ्यात जास्त वेळा येणारा प्रश्न हाच. त्याला एका शब्दात उत्तर नाही, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

गर्भगृह बौद्ध आहे, महायानातल्या तांत्रिक परंपरेचे. आतल्या दारांच्या उत्तरांगांवर, म्हणजे दारावरच्या आडव्या दगडांवर, नागाच्या फण्याखाली बसलेले बुद्ध आहेत, मारविजयाचा (बुद्धाने मोहात पाडणाऱ्या माराला जिंकल्याचा) प्रसंग आहे, तांत्रिक देवता आहेत. वेरूळची अकरा आणि बारा क्रमांकाची लेणी ज्यांनी बारकाईने पाहिली आहेत, त्यांना या परंपरेची कल्पना असेल. बाहेर आलात की मात्र रामायण सुरू होते. दक्षिणेकडच्या दर्शनी भागावर नाचणारा शिव आहे. लंकेला जाणारा सेतू बांधणारी वानरे आहेत, गोवर्धन उचलणारा कृष्ण आहे.

आपले लोक हे पाहून लगेच म्हणतात, "बघा, आपलेच देऊळ!" तो आनंद मी समजू शकतो, मलाही पहिल्यांदा तसेच झाले होते. पण तिथेच थांबू नका. कथा इथून गेल्या हे खरे, पण त्या दगडात उतरवल्या त्या तिथल्या कारागिरांनी, त्यांच्या नजरेने. चेहरे, मुकुट, नेसूची पद्धत, नागाचे फणे, सगळे ख्मेर आहे. आणि ज्यांनी बुद्धाला गाभ्यात बसवले त्यांनीच बाहेर रामकथा कोरली, त्यांना त्यात काही विसंगत वाटले नाही. ही त्यांची समज आहे आणि तिचे श्रेय त्यांनाच द्यायला हवे.

एखादे शिल्प अगदी जवळून पाहायचे तर कोणते?

नागपाशाचे. इंद्रजिताने नागपाशात बांधलेले राम आणि लक्ष्मण एका उत्तरांगावर कोरले आहेत. दोघांच्या अंगाभोवती नागांचे वेटोळे आवळले आहे आणि भोवती वानर जमले आहेत. पाहायचे आहे ते वानरांकडे. प्रत्येकाची बसण्याची तऱ्हा वेगळी, आणि दुःख अंगातून दिसते, चेहऱ्याचे तपशील झिजले असूनही. घरात कुणी आजारी पडल्यावर नातेवाईक जसे कोपऱ्याकोपऱ्यात बसून असतात, तसे ते दृश्य आहे. मी तिथे पंधरा-वीस मिनिटे मान वर करून उभा होतो. लहान दुर्बीण असेल तर जरूर न्या, उत्तरांगे उंचावर आहेत.

तिथल्या शिलालेखात आपला शक आहे, हे खरे का?

खरे आहे. आतल्या ओवरीच्या दक्षिण गोपुरातल्या दाराच्या चौकटीवर ख्मेर भाषेतला लेख आहे. त्यात शके 1030 चा उल्लेख येतो. आपल्या पंचांगात अजूनही शालिवाहन शक छापतात, तीच ही गणना. 1030 मध्ये 78 मिळवा, 1108 हे इसवी सन येते. वीरेंद्राधिपतिवर्मन नावाच्या अधिकाऱ्याने 'त्रैलोक्यविजय' या देवतेची मूर्ती स्थापन केल्याची ती नोंद आहे. त्रैलोक्यविजयाला लेखात इथल्या मुख्य देवाचा सेनापती म्हटले आहे आणि त्या मुख्य देवाचे नाव आहे 'विमाय'. त्यावरूनच आजचे फिमाय.

आजचे थाई लोक मात्र बुद्ध संवत वापरतात, तो इसवी सनाच्या 543 वर्षे पुढे असतो. तिकिटावर किंवा पाकिटावर 2568 असे साल दिसले तर दचकू नका, ते 2025 आहे.

गावाच्या नावाची एक लोककथाही आहे ना?

आहे, आणि गावातली माणसे शिलालेखापेक्षा हीच कथा जास्त प्रेमाने सांगतात. पाचित नावाचा राजपुत्र आणि ओराफिम नावाची मुलगी. तिला ब्रह्मदत्त राजा (थाई उच्चार 'फ्रोमाथात') पळवून नेतो. पाचित तिला शोधत राजवाड्यापर्यंत येतो आणि त्याला पाहताच ती म्हणते, "फी मा!" म्हणजे 'दादा आला'. थाईमध्ये बायको किंवा प्रेयसीही पुरुषाला प्रेमाने 'फी' म्हणते, तेव्हा अर्थ 'माझा माणूस आला' असा घ्यायचा. त्या 'फी मा'चेच फिमाय झाले, असे गाव सांगते. पुढे राजा मारला जातो. गावातला विटांचा एक मोठा ढिगारा हे त्याच्या दहनाचे ठिकाण, 'मेरू फ्रोमाथात', म्हणून दाखवतात. प्रत्यक्षात ते अयुत्थया काळातले, म्हणजे ख्मेरांनंतरच्या थाई राजवटीतले, बांधकाम आहे. देवळाच्या आवारातल्या जांभ्याच्या प्रासादालाही याच राजाचे नाव चिकटले आहे. पाण्याकाठी एक जुना धक्काही आहे, 'था नांग सा फोम', म्हणजे बाईसाहेबांचा केस धुण्याचा घाट.

देवळाचे तोंड पूर्वेला का नाही?

बहुतेक ख्मेर देवळे पूर्वाभिमुख असतात. फिमायचे तोंड दक्षिणेला, किंचित आग्नेयेकडे कललेले आहे. अंगकोरहून येणारा राजमार्ग त्या दिशेने येत होता, म्हणून तसे केले असावे असे सर्वसाधारण मत आहे. हा मार्ग खराखुरा होता. सातव्या जयवर्मन या ख्मेर राजाच्या, अंगकोरच्या प्रेआ खान देवळातल्या 1191 सालच्या शिलालेखात अंगकोर ते विमाय या रस्त्यावरच्या 17 विश्रामस्थानांची नोंद आहे. त्यांतल्या काहींचे अवशेष आजही शेताशिवारात उभे आहेत. गावाच्या दक्षिण वेशीला 'प्रातू चाय' म्हणतात, म्हणजे जयद्वार. त्या वेशीतून आत या आणि सरळ देवळाकडे चालत जा. आठशे वर्षांपूर्वी अंगकोरहून आलेला माणूस याच रेषेत चालत आला असेल. मी कुणालाही देवळाच्या तिकीटखिडकीपासून सुरुवात करू देत नाही, आधी वेशीवर नेतो.

याच राजाने राज्यभर आरोग्यशाळा बांधल्या. त्यांपैकी एकीचे छोटे देऊळ, 'कुटी रुसी' (ऋषींची कुटी), गावाच्या दक्षिणेला आहे. तिथे गर्दी नसते.

सगळे पडके होते, मग आज इतके सुबक कसे?

1964 ते 1969 या काळात थायलंडच्या ललित कला विभागाने फ्रेंच पुरातत्त्वज्ञ बेर्नार ग्रोलिए यांच्या सहकार्याने देऊळ पुन्हा उभे केले. ढासळलेल्या भागांतले मूळ दगड ओळखून, क्रमांक घालून, जिथले तिथे बसवत जायचे, अशी ती पद्धत. 1989 मध्ये ऐतिहासिक उद्यान म्हणून ते रीतसर खुले झाले. आवाराच्या कडेला गवतावर रांगेने मांडून ठेवलेले कोरीव दगड दिसतील. त्यांच्याकडेही दोन मिनिटे पाहा.

संग्रहालय वगळले तर चालेल का?

चालणार नाही. फिमाय राष्ट्रीय संग्रहालय नदीच्या पुलाजवळ आहे, देवळापासून चालत जाता येते. देवळावरची कितीतरी चांगली उत्तरांगे आता तिथे आहेत, आणि तीही डोळ्यांच्या पातळीवर. सातव्या जयवर्मनची ध्यानस्थ मूर्ती इथेच पाहायची. हात तुटलेले आहेत, अंगावर एकही दागिना नाही. मान किंचित झुकलेली, पापण्या मिटलेल्या, शरीर थोडे जड, मध्यमवयीन. राजाला असे, इतके साधे, कोरलेले मी दुसरीकडे पाहिलेले नाही. ही मूर्ती देवळातल्या जांभ्याच्या प्रासादात सापडली, तिथे आता तिची प्रतिकृती ठेवली आहे.

'फिमाय काळी' म्हणून ओळखली जाणारी लोहयुगातली काळी चकचकीत भांडीही आहेत. देवळाच्या कितीतरी आधीपासून या नदीकाठी लोक भात पिकवत होते आणि जमिनीतले मीठ काढत होते. देऊळ ओसाडीत उगवलेले नाही, ते आधीपासून नांदत्या गावात आले, हे ती भांडी पाहिल्यावर नीट कळते.

थायलंडमधली राष्ट्रीय संग्रहालये सहसा सोमवारी आणि मंगळवारी बंद असतात. त्यामुळे बुधवार ते रविवार असा बेत करा आणि निघण्यापूर्वी एकदा खात्री करून घ्या.

नदीकाठी काय आहे?

गावापासून दोनेक किलोमीटरवर मूनच्या पाण्यात एका बेटावर 'साय न्गाम' आहे. 'साय' म्हणजे आपल्या वडाच्या कुळातले झाड आणि 'न्गाम' म्हणजे सुंदर. साडेतीनशे वर्षांचे म्हणतात. पारंब्या जमिनीला टेकून त्यांचे खोड होत गेले आणि आता मूळ खोड कुठले ते सांगता येत नाही. आत पायवाटा केल्या आहेत. भर दुपारी तिथे हिरवा अंधार असतो. मध्ये एक छोटे देवस्थान आहे, लोक उदबत्ती लावतात, फांद्यांना रंगीत कापड बांधलेले असते. आपल्याकडे वटपौर्णिमेला सूत गुंडाळतात त्याची आठवण येते, पण इथे वर्षभर कुणी ना कुणी येतच असते. बाहेर शेवयांची दुकाने आहेत.

शक्य असेल तर भाड्याची सायकल घेऊन सकाळी लवकर जा. रस्ता सपाट आहे.

जायचे कसे?

मुंबईहून बँकॉकला थेट विमाने आहेत, चार-साडेचार तास लागतात. पुढे दोन पर्याय. मोचित बस स्थानकावरून कोरातची बस, तिला साधारण चार तास. किंवा क्रुंग थेप अफिवात या नव्या मुख्य स्थानकावरून रेल्वे. रेल्वे हळू आहे, पण मला तीच आवडते. बँकॉक ते कोरात ही लोहमार्गाची वाट 1900 साली पूर्ण झाली. सपाट मैदान सोडून गाडी डोंगर-जंगलातून कोरातच्या पठारावर चढते तो टप्पा खिडकीशी बसून पाहावा.

कोरातला बस स्थानक क्रमांक दोनवरून फिमायच्या गाड्या सुटतात, तास-सव्वा तास लागतो. परतीची शेवटची गाडी किती वाजता, हे उतरल्या उतरल्या विचारा.

एका दिवसात होईल का? राहायची गरज आहे?

होईल, पण राहा. दिवसाच्या बसगाड्या चारच्या सुमारास निघून गेल्या की गाव त्याच्या माणसांचे होते. मुले सायकली काढतात, देवळाजवळच्या रस्त्यावर खाण्याच्या गाड्या लागतात, देवळाच्या भिंतीवर शेवटचे ऊन असते. मोठी हॉटेले नाहीत, साधी स्वच्छ निवासस्थाने आहेत. रात्री नऊनंतर बहुतेक सगळे बंद होते, जेवण त्याआधी उरकून घ्या.

शाकाहारी माणसाचे हाल होतात का?

होऊ शकतात, पण तयारी केली तर नाही. अडचण मांसाची कमी आणि 'नाम प्ला'ची, म्हणजे माशाच्या सॉसची, जास्त. इसानमध्ये 'प्ला रा' हा आंबवलेला मासाही बऱ्याच पदार्थांत असतो. दोन शब्द पाठ करा. पहिला 'मांगसविरात', म्हणजे चक्क मांसविरती. दुसरा 'जे'. 'जे' जेवणात मांस, मासे, अंडी, दूध नसते, आणि कांदा-लसूणही नसतो, म्हणजे जैन मंडळींचीही बरीच सोय होते, कंदमुळांचे तेवढे विचारून घ्यावे लागते. पिवळ्या पाटीवर लाल अक्षरे दिसली की 'जे' दुकान समजा. शिवाय "माय साय नाम प्ला" (माशाचा सॉस घालू नका) हे वाक्य फोनवर थाई लिपीत तयार ठेवा आणि दाखवा.

फिमायची खासियत म्हणजे 'फात मी फिमाय', तांदळाच्या बारीक शेवया परतून केलेल्या. गोड, आंबट, तिखट अशी चव. अंडे आणि सॉस वगळून करून देतात, पण समोर उभे राहून सांगावे लागते. मांसाहार करणाऱ्यांनी भाजलेले बदक खावे. सोबत चिकट भात, 'खाओ निआओ', हाताने गोळा करून खायचा. हाताने जेवणाऱ्या माणसाला तिथे कुणी वेगळे समजत नाही.

कोणता महिना चांगला?

नोव्हेंबर ते फेब्रुवारी. नोव्हेंबरात फिमायचा उत्सव असतो, लाम चाक्करात या ओढ्यावर लांब होड्यांच्या शर्यती होतात. गर्दी होते, पण गाव आनंदात असते. मार्च ते मे ऊन विदर्भासारखे असते आणि दगड तापतो. सप्टेंबर-ऑक्टोबरात मूनला पाणी चढते, तेव्हा निघण्यापूर्वी पुराच्या बातम्या पाहा.

आई-बाबांना नेता येईल?

येईल. आवार सपाट आहे, अंतरे कमी आहेत. पण पुढचा नागांच्या कठड्यांचा पूल, दारांचे उंच उंबरठे आणि उंच-सखल फरसबंदी यांना जपावे लागते. गुडघे दुखणाऱ्यांनी काठी न्यावी आणि गर्भगृहात शिरायची घाई करू नये. चाकांच्या खुर्चीला बाहेरच्या आवारापुरतेच जाता येते.

कपडे, वागणूक, व्हिसा?

व्हिसाचे नियम बदलत राहतात, तिकीट काढण्यापूर्वी थाई दूतावासाच्या अधिकृत संकेतस्थळावर पाहा. मे 2025 पासून येणाऱ्या प्रत्येक परदेशी पाहुण्याला डिजिटल आगमन पत्र ऑनलाइन भरावे लागते, त्याला पैसे पडत नाहीत, मागणाऱ्या संकेतस्थळांपासून दूर राहा. गावात रोख पैसे जवळ ठेवा.

खांदे आणि गुडघे झाकलेले बरे, नांदत्या विहारात तर हवेतच. बुद्धाकडे पाय करून बसू नये. मूर्तीच्या मांडीवर हात ठेवून, दगडावर चढून फोटो काढू नयेत. ते देऊळ तिथल्या लोकांसाठी आजही पूजनीय आहे. कुणी हात जोडून 'सवात्दी' म्हटले तर तुम्हीही हात जोडा. त्या खुणेसाठी आपल्याला वेगळे काही शिकावे लागत नाही.

हाताशी अजून एक दिवस असेल तर?

बुरीराम प्रांतातले फनोम रुंग, गाडीने साधारण दोन तास. विझलेल्या ज्वालामुखीच्या माथ्यावरचे हे शिवमंदिर. वर्षातून चार वेळा सूर्य त्याच्या 15 दारांतून आरपार दिसतो. तिथले शेषशायी विष्णूचे उत्तरांग चोरीला गेले होते आणि शिकागोच्या संग्रहालयात पोचले होते. थाई लोकांनी ते परत मागितले आणि 1988 मध्ये ते मायदेशी आले. आज ते त्याच्या मूळ दारावर आहे.

आणि फक्त दोन तासच असतील तर?

प्रातू चायपासून चालत या. नाचणारा शिव, मग दक्षिण गोपुरातला लेख, मग नागपाश, मग गाभारा. बाहेर येऊन नदीच्या दिशेने चालत संग्रहालयात जा आणि जयवर्मनसमोर थोडा वेळ बसा. साय न्गाम राहून जाईल, पण त्याला मी धावत जायला सांगणार नाही.